कागदावरची सवत

लोक भेटायला येतात, चपला काढतात, पाणी पितात आणि झुंबरचं विचारतात.

"आता झुंबरचं काय हो, काकी?" मागच्या गल्लीतली एक बाई तर डोळ्याला पदर लावून म्हणाली. नवरा माझा गेला. मोकळं कपाळ माझं. आणि हिला काळजी कुणाची, तर तुम्ही कागदावर काढलेल्या एका ट्रॅक्टर हाकणाऱ्या पोरीची. मी म्हटलं, "तिला काय धाड भरलीया? कागदाची हाय ती. ती काय मरतीया व्हय?" बाईला वाईट वाटलं. वाटू दे. चहा पिऊन गेली.

पेंटर, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. तोंडानं बोलले असते, पण घरात कुणी ना कुणी असतं आणि म्हातारी एकटीच बडबडते म्हणून सून घाबरते. म्हणून लिहिते. तुमचं नाव जन्मात घेतलं नाही, आताही घेणार नाही. कोल्हापुरातली अख्खी मंगळवार पेठ तुम्हाला पेंटर म्हणायची, तेच बरं.

लिहायला कारण झालं ते असं. परवा पुण्याहून वैशाली नावाची एक मुलगी आली. पुस्तकं छापते. तिचं आजोळ गडमुडशिंगीचं. लहानपणी सुट्टीत तिथं तिनं झुंबर वाचलेली. आपल्या चित्रकथांच्या मालिकेचा पहिला अंक तिला पुन्हा छापायचा आहे, चांगल्या कागदावर, नीट करून. त्याला माझी परवानगी पाहिजे. 'नीट करून' म्हणजे काय, ते मी विचारलं. तिनं दाखवलं. आणि आपलं जुनं भांडण जिथं राहिलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. तुम्ही निघून गेलात म्हणून ते मिटलं असं समजू नका.

आधी सुरुवातीचं सांगते, कारण लोक ती खोटी सांगतात. तुमच्या शोकसभेत एक जण म्हणाला, पेंटरांना झुंबर स्वप्नात दिसली. कसलं स्वप्न? शिरोलीच्या एका कारखान्यात तुम्ही भिंतीवर 'डोक्याला टोपी घाला' रंगवायला गेला होतात. तिथले साहेब मशीन शिकायला जपानला जाऊन आले होते. त्यांच्या पोरासाठी आणलेलं चित्रांचं पुस्तक तुम्हाला दिसलं, ते तुम्ही हात जोडून मागून आणलंत. रद्दीसारखा कागद, सगळं काळं-पांढरं, आणि ते लोक म्हणे उजवीकडून वाचतात. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. अक्षर आम्हाला कळत नव्हतं, तुम्हाला तरी कुठं? पण जेवताना ते मांडीवर, निजताना उशाला.

"एवढं काय हाय त्यात?" मी विचारलं.

"पळाय लागलीया बघ ही पोरगी. कागदावर पळाय लागलीया."

मी वाकून बघितलं. "हिच्या डोळ्यांना काय झालंय? एवढं मोठं डोळं म्हशीला असत्यात."

तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला ऐकूच आलं नाही.

मग दुपारी दुकान बंद ठेवून तुम्ही स्वतःची पोरगी काढायला बसलात. शिरोळकडची, उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर हाकणारी, पदर खोचलेली, नाकात चमकी, आणि डोळे त्या जपानी पोरीचे. नाव ठेवलंत झुंबर.

"नाव कुठनं आणलंसा?"

"असंच."

"असंच कसं? कोण होती ही झुंबर?"

"कोण न्हवती गं."

ह्या उत्तरावर माझा आजही विश्वास नाही. पण ते सोडा. कुणी असली तरी ती आता म्हातारी झाली असेल, दात पडले असतील. मला खुपायचं ते दुसरंच. मला तुम्ही कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं ए', 'ऐकलंस काय', 'कुठं हाईस'. आपल्यात रीतच तशी, मान्य. पण तिचं नाव तुम्ही ऊठसूट घ्यायचात. झुंबर आज रागावलीया. झुंबरला उद्या जयसिंगपूरच्या बाजाराला न्यायला पाहिजे. मला कुठल्या बाजाराला नेलंत ते आठवून सांगा. मी कपडे पिळत असायची आणि आतून तुमचा आवाज यायचा, "वा गं माझी झुंबर." हातातलं धुणं मी इतकं पिळायची की शिवण उसवायची.

आणि पहिली गोष्ट तर माझीच होती.

माझं माहेर शिरोळ. मी लहान असताना नदी गावात आली, आमची म्हैस खालच्या शेतात अडकली. अव्वा, म्हणजे माझी आई, काठावरून ओरडत होती आणि मी छातीभर पाण्यात शिरून म्हशीच्या कानाला धरून तिला ओढत बाहेर आणली. पुढं गावानं मला पाटावर बसवून जेवू घातलं. हे मी तुम्हाला लग्नानंतर नव्यानव्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं वाचलीस." एवढंच. विडा थुंकायला उठलात. आणि पोरं मोठी झाल्यावर, केस पिकायला लागल्यावर, तीच गोष्ट कागदावर उतरली. पाणी तेच, म्हैस तीच, अव्वासुद्धा काठावर उभी, अव्वाच्या हातातली काठीपण बरोबर. आणि पाण्यात झुंबर.

मी बघत राहिले. म्हटलं, मग मी कुठं गेले?

चित्र तुम्हाला यायचं, त्यात वाद नाही. हात देवानं दिला होता. पण बोलणं यायचं नाही. म्हशीजवळ पोचल्यावर झुंबर म्हणत होती, 'हे मूक जीवा, भयभीत होऊ नकोस. मी आले आहे.' मला हसू आवरेना.

"पुरात कोण असं बोलतंय? तवर म्हैस बुडून मरंल की."

"मग काय बोलंल?"

"मी काय बोललो ते सांगू? 'चल की भवाने! मराय लागलीयास आणि अजून रुसायलीस व्हय? तुझ्यापायी मी मरतो काय आता!'"

तुम्ही ते तसंच्या तसं तिच्या तोंडाजवळच्या फुग्यात घातलंत, 'मरतो'सकट. आमच्याकडची बाई 'मी येतो, मी जातो' म्हणते, बाप्यासारखं. शाळेत मास्तरांनी छड्या मारून 'येते' लिहायला शिकवलं, म्हणून लिहिताना मी 'येते' लिहिते. तोंडानं आजही 'येतो'च. त्या दिवसापासून झुंबरही तशी बोलायला लागली. हात तुमचा, तोंड माझं. अशी ती उभी राहिली. स्वप्नातून नाही.

त्या पहिल्या अंकाची काय फजिती झाली! तुम्ही सगळा अंक जपानी लोकांसारखा उजवीकडून काढलात. मी सांगत होते, "हितं कोण उलटं वाचणार हाय?" तुम्ही म्हणालात, "पोरगी पळाय लागली की डोळं आपसूक तिच्यामागनं जात्यात." नाही गेले. अंक एसटी स्टँडवरच्या दुकानात लागला, लोकांनी तो नेहमीसारखा उघडला आणि शेवटाकडून सुरुवातीला वाचत गेले. म्हणजे आधी गावानं झुंबरला पाटावर बसवून जेवू घातलं, मग ती म्हशीला घेऊन पाण्यात शिरली आणि म्हैस भर पुरात सोडून एकटीच काठावर आली. शेवटच्या पानावर तीच म्हैस गोठ्यात वैरण खात उभी. ती तिथं कशी पोचली कुणाला कळेना.

माझा भाऊ शिरोळहून अंक हातात नाचवत आला. "दाजी, आमच्या गावात म्हैस वाचवली की जेवू घालत्यात. तुमच्या कोल्हापुरात जेवून म्हैस बुडवत्यात व्हय?"

तुमचं तोंड एवढंसं झालं. मी आत जाऊन पोट धरून हसले. तुमच्यावर नाही. तिची जिरली म्हणून. मला वाटलं, संपली आता ही बया.

कसली संपते. पोरांना ते उलटं वाचणंच आवडलं. आधी उलटं वाचून हसायची, मग कुणीतरी सांगितलं की सुलटं वाचून गप्प व्हायची. दुसऱ्या अंकावर तुम्ही मोठा बाण काढलात आणि लिहिलंत, 'उजवीकडनं या, पावणं.' तेही माझंच. पावसाळ्यात आपल्या दाराशी डाव्या बाजूला चिखल व्हायचा तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला मी हेच ओरडून सांगायची. पुढं पोरं एकमेकांना रस्त्यात अडवून म्हणायला लागली, उजवीकडनं या पावणं. मी भाजी घेऊन जाताना मलाच एक पोरगं म्हणालं. माझंच वाक्य मला.

पुढं पुढं तुम्ही मला भांडायला लावायचात, हे मला कळलं नाही असं समजू नका. घासलेट आणायला विसरायचात, मी तोंड सोडायची, आणि माझा राग ऐन रंगात आला की तुमचा हात पेन्सिल शोधायचा.

"थांब थांब. घासलेटाच्या आधी काय म्हणालीस?"

"काय न्हाई म्हटलो."

"न्हाई न्हाई, ते बेंबीच्या देठाचं काय होतं?"

भांडताना नवऱ्यानं ऐकावं. उलटं बोलावं, हवं तर ताट ढकलावं. उतरवून घेऊ नये. अर्धं भांडण पोटात ठेवून मी चुलीकडं जायची आणि पुढच्या महिन्यात तेच भांडण झुंबर साखर कारखान्याच्या काटेवाल्याशी भांडायची. वर जिंकायची. मी तुमच्याशी कधी जिंकले? सासूबाई हयात असताना मी असं बोलले की म्हणायच्या, "तोंड आवर." झुंबर बोलली की लोक म्हणायचे, काय तडफ आहे पोरीत!

एकदा मी सरळच सांगितलं. "अंकावर माझं नाव घाला. चित्रं तुमची म्हणून लिहिता, तसं खाली बोलणं माझं म्हणून लिहा."

"लोक काय म्हणतील? पेंटर बायकोचं तोंड छापून खातोय?" तुम्ही हसलात.

मी हसले नाही. ते बघून म्हणालात, "पुढच्या अंकात बघू."

पुढचा अंक किती वेळा आला, पेंटर?

मग फ्लेक्स आले. पाट्या, बोर्ड, तालमीवरचे मारुती सगळं मशीनमधून एका तासात पडायला लागलं. बाकीच्या पेंटरांनी ब्रश ठेवून पानपट्ट्या टाकल्या. तुम्हाला ते करावं लागलं नाही, कारण झुंबर होती. हे मी नाकारत नाही. धाकट्याचं शिक्षण, थोरल्याचं लग्न, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं तिनं ओढलं, उसाच्या ट्रॉल्या ओढायची तसं. सवतीनं घर चालवलं की तिला शिव्याही मोकळेपणानं देता येत नाहीत. ह्याचासुद्धा मला राग होता.

"आता तरी तिला उजवा की," मी एकदा म्हटलं. "पंधरा वर्षं झाली, ती आपली ट्रॅक्टरच हाकतीया. लग्न लावून द्या, जाऊ दे सासरी."

"तिला कोण करून घेणार? तोंड ऐकलंस काय तिचं?"

"तोंड माझं हाय ते."

"म्हणून तर म्हणतोय."

"मग मला बरी करून घेतलीसा?"

तेव्हा मात्र तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात, पाटी रंगवायच्या आधी कोऱ्या पत्र्याकडं बघायचात तसं. काहीतरी बोलणार होतात. तेवढ्यात दारात कुणी आलं, का कुकरची शिट्टी झाली, आठवत नाही. ते राहिलं ते राहिलंच. पुन्हा विचारायला मी काही लहान पोर नव्हते.

दवाखान्यातलं एक सांगते आणि मग वैशालीकडं वळते. शेवटच्या दिवसांत तुमचं बोलणं गेलं होतं. मी गोळी हातात घेऊन ओरडत होते, "गिळा की! मी काय जन्मभर उशाला बसू व्हय?" तुमची बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपायला लागली. मला वाटलं माझा हात शोधताय. मी हात दिला. तुम्ही माझं एक बोट तीन बोटांत धरलंत आणि चादरीवर ओढायला लागलात. पेन्सिल धरावी तसं. नर्स म्हणाली, "बघा आजी, बाबांनी हात धरलाय." मी तिला काही सांगितलं नाही. बोटही सोडवून घेतलं नाही. पण मनात म्हटलं, मरतानाही माझं बोलणं तिच्यासाठीच नेताय.

आता वैशाली. पोरगी चांगली आहे, सोफ्यावर न बसता खाली माझ्याजवळ बसली. लॅपटॉप उघडून म्हणाली, "काकू, आम्ही दोनच गोष्टी केल्यात. सगळी पानं आरशात दिसतात तशी फिरवलीत, म्हणजे आता डावीकडून सरळ वाचता येईल. आणि भाषेतल्या चुका काढल्यात."

"कसल्या चुका?"

"झुंबर मुलगी असून 'मी येतो' म्हणते. बऱ्याच ठिकाणी राहून गेलं होतं."

मी चष्मा लावला. पुराच्या पाण्यात झुंबर म्हशीला म्हणत होती, 'तुझ्यासाठी मी मरते की काय आता!' एखाद्याचे दात काढून घेतल्यावर तोंड कसं दिसतं, तसं दिसत होतं ते वाक्य.

"पोरी, चूक न्हाई ती. आमी असंच बोलतो. तुझी आजी गडमुडशिंगीची ना? ती काय म्हणायची, 'जाते' का 'जातो'?"

तिनं जरा आठवलं आणि हसली. "जातो. बाजाराला जातो गं, म्हणायची." मग म्हणाली, "ठीक आहे. भाषा होती तशी ठेवू. पण पानं फिरवावीच लागतील, काकू. उलटा अंक दुकानदार ठेवून घेत नाहीत. नाहीतर कदाचित छापणं होणारच नाही."

मी एकेक पान बघत गेले. फिरवलेली झुंबर मला आवडली, खरं सांगते. पदर उजव्या खांद्यावर गेला होता, गुजराती बायकांसारखा. चमकी दुसऱ्या नाकपुडीत. एवढी वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलेली बया एका बटणानं उलटी झाली होती आणि तिला पत्ताही नव्हता. मला बरं वाटत होतं. मी 'हो' म्हणणारच होते.

मग पंगतीचं पान आलं. गावानं पाटावर बसवलंय, समोर ताट, बाजूला अव्वा वाढतेय. आणि झुंबर डाव्या हातानं भाकरी मोडून खातेय.

तुम्हाला हे दिसायला हवं होतं. तुम्हाला तिथल्या तिथं घाम फुटला असता.

तो पाट माझा होता. ते ताट माझं होतं. त्या दिवशी गावातली थोरली माणसं उभी राहून मला वाढत होती, आणि आयुष्यात पुन्हा कधी मला कुणी असं उभं राहून वाढलं नाही. त्या पाटावर तुम्ही दुसरीला बसवलंत, ते मी तुम्हाला कधी माफ केलं नाही, करणारही नाही. पण सवत झाली तरी तिला पंगतीत डाव्या हातानं जेवायला कोण बसवतं? आणि अव्वा समोर उभी राहून ते खपवून घेईल?

"न्हाई," मी म्हटलं. "सरळ कर तिला."

"काकू, हे सरळच..."

"हे उलटं हाय. डाव्या हातानं जेवतीया ती. हात तोडला असता अव्वानं. होतं तसं छापा. न्हाईतर नका छापू, काय नडलं न्हाई आमचं."

तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. मला वाटलं उठून जाणार. मनात आलं, जाऊ दे, म्हणजे झुंबर कायमची संपली, माझ्याच हातानं. आणि मला आनंद व्हायला हवा होता तो होईना. मी चहा ठेवायला उठले. परत येईपर्यंत ती ते पान पुढं-मागं करून बघत होती. एकदा डाव्या हातानं, एकदा उजव्या हातानं. स्वतःचे हातसुद्धा तिनं हलवून बघितले.

"आधी मला दिसलंच नव्हतं," ती म्हणाली. "ठेवू उजवीकडनं. दुकानदारांचं मी बघते." मग कप हातात घेऊन सहज विचारलं, "हे सगळं बोलणं तुमचं आहे ना काकू? तुम्ही आत्ता ओरडलात ना, मला एकदम झुंबरच ओरडल्यासारखं वाटलं."

पेंटर, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ही परक्या गावची पोरगी चहा फुंकत विचारून मोकळी झाली.

"माझंच हाय," मी म्हटलं. "तसं लिहा. चित्रं त्यांची, बोलणं माझं."

"नाव काय लिहू?"

काकी, आई, आजी, पेंटरांची बायको, अगं ए. मग सांगितलं, मालन. आडनाव तुमचंच.

काल वैशालीनं कव्हरचा नमुना पाठवला. खाली तुमचं नाव आणि त्याखाली माझं. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं, मी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तुम्ही असता तर लोक काय म्हणतील म्हणून हसला असता. लोक काही म्हणत नाहीत, पेंटर. शेजारीण म्हणाली, "आमाला ठाऊकच होतं की."

आणि वर, निम्मं पान अडवून, काळ्या जाड अक्षरात झुंबर. आमची दोन्ही नावं त्यातल्या पहिल्या अक्षराच्या वेलांटीत... वेलांटी नाही त्यात, उकार आहे, तर त्या उकारात मावतील एवढी.

मी वैशालीला फोन करून म्हटलं, "ते वरचं नाव जरा बारीक कर की."

"काकू, ते टायपातलं नाही. पेंटरांनी स्वतः हातानं काढलेलं अक्षर आहे ते."

"ठाऊक हाय," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतो."